एका जामिनाची गोष्ट

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून जीव कळवळला. पोरगा तीन आठवडे आत आणि जामिनाला नुसती पुढची तारीख! एकदा नाकारलेल्या अर्जाचं कोण ऐकणार, असं तू लिहिलंस. म्हणून आज तुला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींविषयी लिहितोय.

परवा हायकोर्टात माझं मॅटर दुपारनंतर होतं. सेंट्रल कोर्टाबाहेर टिळकांचे शब्द कोरलेली संगमरवरी पाटी आहे ना, तिच्यापुढे उभा होतो. ती १९०८ च्या राजद्रोह खटल्याची. मला मात्र १८९७ आठवत होतं. प्लेगचं वर्ष, जूनमध्ये पुण्याच्या प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडलेली, सरकार चवताळलेलं. जुलैअखेर टिळकांना राजद्रोहाच्या कलमाखाली धरलं. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला, मग हायकोर्टात पार्सन्स आणि रानडे यांनीही. अरे, रानडे! तरी टिळकांचे वकील दिनशा दावर पुन्हा अर्ज घेऊन उभे राहिले, ४ ऑगस्टला, तय्यबजींपुढे.

हे तय्यबजी म्हणजे खंबायतहून आलेल्या बोहरा व्यापारी घराण्यातला. १८६७ साली बॅरिस्टर होऊन परतला तेव्हा मुंबई हायकोर्टात दुसरा देशी बॅरिस्टर नव्हता. पुढे अंजुमन-इ-इस्लाम या मुस्लिमांच्या शिक्षणसंस्थेची उभारणी, १८८७ साली मद्रासला काँग्रेसचं अध्यक्षपद, १८९५ पासून न्यायाधीश. म्हणजे टिळकांना जामिनावर सोडलं, तर या जुन्या काँग्रेसवाल्यावरच पक्षपाताचा संशय येणार. आधीच्या हुकमाकडे बोट दाखवून मोकळं होणं किती सोपं होतं! त्यांनी तसं केलं नाही. खटल्याला अजून महिना आहे. आरोपी शेवटी निर्दोष ठरला तर तो महिना त्याने विनाकारण तुरुंगात काढलेला असेल, हे त्यांनी पाहिलं. आरोपीला आपला बचाव नीट तयार करता आला पाहिजे, हेही पाहिलं. जामीन दिला.

पुढे शिक्षा झालीच, दीड वर्षाची. पण तो महिना टिळक बाहेर होते.

यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट पुढची आहे. १९०८ साली टिळकांचा जामीन मागायला जिना उभे राहिले आणि न्यायासनावर होते तेच दावर. त्यांनी कारणंही न देता अर्ज फेटाळला. तय्यबजी १९०६ मध्येच गेले होते.

तुझ्या पोराची चार्जशीट आणि आधीच्या हुकमाची नक्कल लगेच पाठव. पोराच्या आईला सांग, रविवारी मी येतोय. अर्ज आपण दोघं बसून नव्याने लिहू.

तुझा,
अविनाश