आईचा ई-रीडर आणि पाकळीचा ल

पुणे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. आईसाठी घेतलेल्या ई-रीडरशी मी इतके दिवस काय खटपट करतो आहे, असे तू विचारले आहेस. फोनवर ते नेहमी अर्धवट राहते, म्हणून आज सविस्तर लिहितो.

यंत्र जुनेच आहे. त्यावर मी कोरीडर हे पुस्तके वाचण्याचे मुक्त सॉफ्टवेअर घातले. ते लुआ या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले असल्यामुळे त्याच्या मेनूंची मोडतोड घरबसल्या करता येते. समास, ओळींमधले अंतर, फॉन्ट, तळाची पट्टी, कोपऱ्यावर टिचकी मारल्यास काय व्हावे, बोट सरकवल्यास काय व्हावे, सारेच बदलता येते म्हटल्यावर मी हुरळून गेलो आणि दोन रविवार खर्चून आईला सगळे मनासारखे (माझ्या मनासारखे, हे नंतर कळले) मांडून दिले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “यापेक्षा मी चष्म्याचा नंबर वाढवून आणते.”

मग एक संध्याकाळ नुसता तिच्या शेजारी बसून राहिलो. ती यंत्र डाव्या हातात धरते आणि पकड सुटू नये म्हणून अंगठा पडद्याच्या कडेवरून थोडा आत टेकवते. नेमके तिथेच मी ‘मागचे पान’ ठेवले होते! वाचता वाचता पान मागे जाई, ती ते पुढे आणी, ते पुन्हा मागे जाई. अक्षर मोठे करण्यासाठी मी हौसेने बनवलेली सरकपट्टी तिने ओढली, पडदा काळापांढरा लुकलुकला, काहीच झाले नाही असे वाटून तिने ती आणखी ओढली, आणि अखेरीस पानावर चार शब्द उरले.

हे लुकलुकणे समजून घेतल्याशिवाय या यंत्राची मांडणी करता येत नाही. ई-रीडरच्या ई-इंक, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शाईच्या, पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत विरुद्ध विद्युतभाराचे काळे व पांढरे कण तरंगत असतात. विजेच्या दाबाने त्यांतले हवे ते वर येतात आणि वीज काढून घेतली तरी तिथेच राहतात. म्हणूनच बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते. पण करड्या रंगाच्या सोळा छटांसह पूर्ण पान नव्याने उमटायला साधारण अर्धा सेकंद जातो, आणि घाईने अर्धवट उमटवले तर मागच्या पानाची पुसट सावली मागे राहते. फोनवर शोभणारी सरकपट्टी इथे निरुपयोगी ठरते, कारण बोट पुढे जाते आणि पडदा मागून धापा टाकत येतो. मी ती काढून टाकली. आता दोन मोठी बटणे आहेत, अधिक आणि उणे. एका दाबाला एकच पायरी, आणि ती पडद्यावर उमटेपर्यंत दुसरा दाब स्वीकारलाच जात नाही. पूर्ण लुकलुकाट प्रकरणाच्या सुरुवातीला ठेवला आहे, कारण तिथे वाचणारा तसाही क्षणभर थांबतो.

अंगठ्याचा प्रश्न सोपा निघाला. डावी कड मुकी केली, झाले. पण त्यातून एक गोष्ट लक्षात आली. अक्षराचा आकार आणि समास हे पुस्तकागणिक बदलतात, म्हणून ते त्या त्या पुस्तकाबरोबर साठवले पाहिजेत, आणि कोरीडर तसे साठवतोही. मात्र अंगठा कुठे टेकतो हे पुस्तक बदलल्याने बदलत नाही, ते यंत्राच्याच लक्षात राहायला हवे. मी आधी दोन्हींची एकाच मेनूत खिचडी केली होती.

आता तुझ्या, म्हणजे अक्षरजुळणीच्या, प्रांतातली गोष्ट. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिले आहेत, आणि ही दोन्ही वळणे पोटात बाळगणारे फॉन्ट मिळतातही. परंतु अनेक फॉन्ट ती वळणे तेव्हाच दाखवतात, जेव्हा मजकुराची भाषा मराठी आहे अशी खूण फाइलीत असते. आईच्या एका कादंबरीच्या फाइलीत भाषा ‘इंग्रजी’ नोंदवलेली निघाली, त्यामुळे सबंध पुस्तकभर हिंदी वळणाचा ल. ‘लक्षात’ हा शब्द दाखवून आई म्हणाली, “हे परक्या घरी जेवल्यासारखं वाटतं.” हा पर्याय मेनूत ठेवून तिला शोधायला लावणे मला अन्यायाचे वाटते, मराठी पुस्तक उघडले की मराठी वळण आपोआप यावे. ओळींमधल्या अंतराचेही तेच. रोमन लिपीच्या मापाने बेतलेल्या अंतरात वरच्या ओळीचा ऊकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांना भिडतात.

इथे मला तुझी मदत हवी आहे. तू इतकी वर्षे अक्षरजुळणी करतोस. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ हा फॉन्ट वापरायचा, तर अक्षराच्या किती पट अंतर ठेवावे? शिवाय ‘कीर्ती’, ‘मूर्ती’, ‘ट्रक’, ‘शुद्धी’ असे वर-खाली जागा खाणारे शब्द ठासून भरलेले एखादे पान जुळवून पाठव. प्रत्येक बदल मी त्यावरच तपासून पाहीन.

आईचा तुला आशीर्वाद. पान थोडे मोठ्या अक्षरांत पाठव, असा तिचा निरोप आहे. तुझा मजकूर माझ्याआधी तीच वाचणार आहे.

तुझा मित्र