तुझ्या एम.ए.च्या आधीची गोष्ट

निफाड, १६ जानेवारी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज उतरलेला वाटला. लग्नात पुन्हा कुणीतरी विचारलं म्हणालीस, ‘मराठीत एम.ए.? पुढं काय करणार?’ आणि तू गप्प राहिलीस. ते माझ्या मनातून जाईना, म्हणून पहाटेच लिहायला बसलोय. थंडी कडाक्याची आहे, द्राक्षबागांतून शेकोट्या पेटल्यात.

आज न्यायमूर्ती माधवराव रानड्यांची पुण्यतिथी. १८४२ साली ते आपल्या निफाडात जन्मले, हे तुला शाळेपासून पाठ आहे. तुझ्या डिग्रीशी त्यांचं नातं काय, ते मात्र मी कधी सांगितलं नाही.

मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या मॅट्रिकला, १८५९ मध्ये, २१ जण पास झाले, त्यांत माधवराव होते. १८६२ ला बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीतही ते आणि पुढं संस्कृतचे मोठे पंडित झालेले रा. गो. भांडारकर होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात असताना एका निबंधात त्यांनी मराठ्यांचं राज्य इंग्रजांच्या राज्यापेक्षा उजवं ठरवलं, तेव्हा प्रिन्सिपॉल ग्रँटसाहेबांनी त्यांची स्कॉलरशिप सहा महिने बंद केली. पण या माणसानं विद्यापीठाशी नातं तोडलं नाही. पुढं त्याच विद्यापीठाचे फेलो, म्हणजे कारभारात मत असलेले सभासद होऊन ते आतून भांडत राहिले.

भांडण मराठीसाठी होतं. सुरुवातीला परीक्षेत मराठी होती गं! १८६० च्या दशकातच ती काढली आणि संस्कृत, लॅटिनसारख्या अभिजात भाषा ठेवल्या. देशी भाषांत शिकवण्याजोगं वाङ्मयच कुठं आहे, असा आक्षेप असायचा. रानड्यांनी त्यावर नुसती भाषणं केली नाहीत. हायकोर्टाचं न्यायाधीशपद सांभाळून त्यांनी छापून आलेल्या मराठी पुस्तकांचा हिशोब मांडला आणि १८९८ मध्ये मराठी वाङ्मयाच्या वाढीवर टिपण लिहिलं. दिवसभर खटले ऐकायचे आणि घरी येऊन आपल्या भाषेच्या बाजूनं पुरावा गोळा करायचा. मला त्यांच्या सगळ्या कामांत हे काम फार मोठं वाटतं. हायकोर्टातले न्यायमूर्ती काशिनाथपंत तेलंग त्यांच्या बाजूचे, १८९२ मध्ये विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झालेले. पण पुढच्याच वर्षी ते गेले, अवघ्या ४३ व्या वर्षी.

आपले पदवीधर असे अकाली का जातात, यावरही रानड्यांनी १८९४ मध्ये निबंध वाचला. परीक्षांचा ताण शरीर पोखरतो, हे त्यांना स्वतःवरून ठाऊक होतं. वाचून वाचून त्यांचे डोळे विद्यार्थिदशेतच अधू झाले, ते जन्माचे. म्हणून तू रात्री दोन-दोनपर्यंत जागतेस हे ऐकलं की माझा जीव खालीवर होतो.

१६ जानेवारी १९०१ ला ते गेले. एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. त्याच वर्षी, त्याच सुमारास, विद्यापीठानं एम.ए.ला मराठी घेतली. त्या वर्गात बसलेलं एकही पोर त्यांना बघायला मिळालं नाही.

तू त्या वर्गात बसतेस, बेटा. पुन्हा कुणी विचारलं तर मान वर करून सांग.

संक्रांतीचे तिळाचे लाडू शनिवारी पाठवतो. आईनं तुझ्यासाठी थोडे मऊच वळलेत. आज अकराला दिवा मालव.

तुझा,
बाबा