सगळी नवी सफरचंदं संकरातून येत नाहीत

संपादक साहेब,

रविवारच्या पुरवणीतला सफरचंदांवरचा लेख वाचला, चांगलाय, पण नवीन जात म्हणजे दोन झाडांचा संकर करायचा, बी पेरायचं आणि वर्षानुवर्षं फळाची वाट बघायची एवढंच त्यात आलंय. ही अर्धीच गोष्ट झाली. बाजारात दिसणारी कितीतरी लालभडक सफरचंदं मुद्दाम संकर करून काढलेली नाहीत, कुठल्यातरी झाडाच्या एकाच फांदीवर ती आपोआप आली.

होतं असं की झाडाच्या वाढत्या डोळ्यातल्या, म्हणजे फांदी जिथून फुटते त्या कोंबातल्या, एखाद्या पेशीच्या डीएनएमध्ये बदल (म्युटेशन) होतो, त्या डोळ्यातून फांदी फुटते आणि बाकी झाड जुन्या वळणाचंच राहून तेवढी फांदी वेगळी फळं देते, कधी लवकर रंगणारी, कधी जास्त लाल. बागवाले याला स्पोर्ट म्हणतात. तिची काडी घेऊन कलम केलं की झाली नवी जात. बी पेरून उपयोग नाही, एकतर सफरचंदाचं बी आईसारखं निघतच नाही, आणि शेंड्यात पेशींचे थर असतात, बदल फक्त सर्वात वरच्या म्हणजे सालीच्या थरात असेल तर तो बीमध्ये उतरत नाही कारण बीज आतल्या थरातून तयार होतं. (कधी बदल एका फळापुरताच असतो, मग अर्धं लाल अर्धं हिरवं सफरचंद मिळतं, मधली रेघ पट्टी लावून आखल्यासारखी. लोक म्हणतात फोटो खोटाय!)

रेड डिलिशियसचंच घ्या. 1920 च्या दशकात न्यू जर्सीतल्या एका बागेत या जातीच्या झाडाची एकच फांदी बाकीच्यांच्या आधी गडद लाल झालेली दिसली, तर स्टार्क नर्सरीने त्या फांदीसाठी 6,000 डॉलर मोजले, त्यातूनच स्टार्किंग ही जात आली. कॅनडात 1960 च्या दशकात मॅकिंटॉश जातीच्या सफरचंदाच्या झाडावर अशी फांदी सापडली की तिला आडवे फाटे जवळजवळ फुटतच नव्हते, फळं सगळी मधल्या दांड्याला चिकटून. आज कुंडीत लावायची सरळसोट झाडं मिळतात ती तिच्याच वंशातली.

मला खटकतं ते पुढचं. रेड डिलिशियसचे स्पोर्ट निवडताना लाल, अजून लाल एवढंच बघत गेले आणि चव राहिली बाजूला. त्यात साल आधीच लाल होत असल्याने फळ पिकलंय की नाही रंगावरून कळत नाही, मग कच्चंच तोडलं जातं. यात म्युटेशनचा काय दोष, निवडणाऱ्यांनी आधी चावून बघायचं होतं की!

आणि हो, लेखातल्या चौकटीत गाला आणि रॉयल गाला दोन वेगवेगळे संकर म्हणून दिलेत. गाला हा किड्स ऑरेंज रेड आणि गोल्डन डिलिशियस या जातींचा न्यूझीलंडमधला संकर आहे, पण रॉयल गाला म्हणजे त्याचाच जास्त लाल स्पोर्ट, तोही न्यूझीलंडमधल्याच बागेत सापडलेला. तेवढी दुरुस्ती छापा.

आपला,
एक नियमित वाचक