आईचं वय वंदना कार्ड : केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

माझी आई ७६ वर्षांची आहे. शेजारच्या मुलाने मोबाइलवर तिचं आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे सत्तरीपुढच्यांसाठीचं सरकारी उपचारांचं कार्ड, काढून दिलं. आधार नंबर, ओटीपी, एक फोटो, की झालं काम. आईने ते लॅमिनेट करून घेतलं आणि येईल-जाईल त्याला दाखवलं. सरकारने आपल्याला पाच लाख दिले, एवढंच तिला कळलं होतं.

पुढच्या महिन्यात बीपीच्या गोळ्या संपल्या तेव्हा ती ते कार्ड घेऊन मेडिकलमध्ये गेली. दुकानदाराने उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत दिलं. ‘‘आजी, हे इथे चालत नाही.’’ चार माणसांसमोर ती ओशाळली. घरी येऊन तिने कार्ड देवघराच्या फळीवर ठेवलं ते ठेवलंच.

पावसाळ्यात ती मोरीत घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. गाडीत ती कळवळत होती. मी कार्डाचं विचारलं, तर म्हणाली, ‘‘ते कशालाच चालत नाही गं, राहू दे.’’ मीही ऐकलं. जे रुग्णालय जवळ होतं तिथे नेलं. ऑपरेशनचे पैसे रोख भरले, त्यासाठी माझ्या बांगड्या गहाण पडल्या. योजनेतलं रुग्णालय तिथून तासाभरावर होतं आणि हाडांच्या अशा शस्त्रक्रिया तिथे कार्डावर होतात, हे आई घरी आल्यावर कळलं. ही योजना कॅशलेस आहे. पॅनलबाहेरच्या, म्हणजे योजनेच्या यादीत नसलेल्या, रुग्णालयात भरलेले पैसे मागून परत मिळत नाहीत.

महोदय, योजनेबद्दल माझी तक्रार नाही. ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, पाच लाखांपर्यंतचे उपचार देण्याचा निर्णय सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने घेतला आणि २९ ऑक्टोबरला तो लागू झाला, ही मोठी गोष्ट आहे. त्या वयाच्या माणसाला खासगी कंपन्या सहजासहजी विमा देत नाहीत, दिलाच तर जुन्या आजारांसाठी काही वर्षं थांबवतात. इथे जुना मधुमेह असो की हृदयविकार, पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. पण कार्ड हातात देताना ते कशाला चालतं हे कुणीच सांगत नाही, आणि म्हातारी माणसं पहिल्यांदा जिथे नकार ऐकतात तिथेच थांबतात. दुसऱ्यांदा हात पसरल्यासारखं वाटतं त्यांना.

आईला आधी कुणी चार वाक्यांत सांगायला हवं होतं. हे कार्ड रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. नुसत्या तपासणीला आणि रोजच्या गोळ्यांना ते चालत नाही. दाखल होण्याआधीच्या ३ दिवसांचा आणि घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांचा औषध-तपासण्यांचा खर्च मात्र त्यात येतो. आणि ते फक्त पॅनलवरच्या रुग्णालयातच चालतं, म्हणून गाडीत बसण्याआधी योजनेच्या १४५५५ या हेल्पलाइनवर फोन करून विचारायचं.

बीपीच्या गोळ्यांचं तर आणखी वाईट वाटतं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात जायला कुणी सांगितलं असतं तर मेडिकलमध्ये मान खाली घालायची वेळच आली नसती.

पाच लाखांचाही घोळ आहेच. आमच्या गल्लीतल्या एका जोडप्याला वाटत होतं, दोघांचे मिळून दहा लाख. दोघंही सत्तरीपुढचे असले तरी एका घरात रक्कम एकच, वर्षाला पाच लाख, आणि ती दोघांत वाटून. उलट ज्या घराला आधीपासून आयुष्मान योजना लागू आहे, तिथल्या सत्तरीपुढच्यांना हे पाच लाख वेगळे मिळतात, मुलासुनेच्या वाट्यातून जात नाहीत. केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस असणाऱ्यांना ती किंवा ही, एकच निवडावी लागते. खासगी विमा किंवा कामगारांचा ईएसआय विमा असेल तर मात्र दोन्ही चालतं. हे सगळं वेबसाइटवर असेलही, पण आईची पिढी वेबसाइट वाचत नाही.

म्हणून मागणी छोटी आहे. प्रत्येक कार्डासोबत एक कागद द्या, मराठीत, मोठ्या अक्षरांत. त्यावर हे सगळं असावं आणि खाली तालुक्यातल्या व जवळच्या योजनेतल्या रुग्णालयांची नावं, कुठे हाडांचं होतं, कुठे हृदयाचं, आणि रुग्णालयात योजनेची मदत करणाऱ्या आरोग्यमित्राचा नंबर. आशाताईंनी तो घरी बसून एकदा वाचून दाखवावा. त्या कामाचा त्यांना वेगळा मोबदला द्या, आधीच त्यांच्या डोक्यावर कामं कमी नाहीत. आणि पॅनलवर नसलेल्या रुग्णालयांनाही एक सक्ती करा : सत्तरीपुढचा रुग्ण आला की पैसे भरून घेण्याआधी कार्ड आहे का ते विचारायचं. आम्हाला त्या रात्री एकाने जरी विचारलं असतं तरी चाललं असतं.

आई आता काठी घेऊन चालते. मी वहीच्या पानावर असा कागद स्वतः लिहून तिच्या कार्डाला पिनने लावला आहे. गल्लीतल्या अकरा घरांनी त्याची झेरॉक्स नेली. एक प्रत या पत्रासोबत जोडते आहे. त्यात माझं काही चुकलं असेल तर आपल्या खात्यातल्या कुणीतरी दुरुस्त करून परत पाठवावं, म्हणजे त्या अकरा घरांत मला ते बदलून देता येईल.

आपली विश्वासू,
एका वय वंदना कार्डधारक आईची मुलगी