दाढ, कवळी आणि ओपीडीची रांग

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा व्हिडिओ कॉलवर बाबा मान उजवीकडे कलती करून पाणी प्यायले आणि डावीकडची दाढ पुन्हा उठलीय हे माझ्या लक्षात आलं. विचारलं तर म्हणाले, "होती दुखत, आता थांबली." बाबा, थांबली म्हणजे बरी झाली असं धरू नका. कीड आतल्या नसेपर्यंत पोचली की ठणका लागतो. पुढे नस मेली की तो आपोआप शांत होतो, पण मुळाशी जंतूंचं काम चालूच असतं. मग एखाद्या दिवशी गालच सुजतो. ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास झाला, तर सरकारी-खाजगी असलं काही न बघता त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं, एवढं आधीच सांगून ठेवते.

आणि आई, तुझी कवळी रुमालात गुंडाळून डबीत असते आणि पाहुणे आले की तोंडात जाते, हे मला ठाऊक नाही असं समजू नकोस. दात गेले की जबड्याचं हाड वर्षानुवर्षं झिजत राहतं, वरच्यापेक्षा खालचं जास्त. कवळी आहे तेवढीच राहते, म्हणून ती हलते. बऱ्याचदा जुन्याच कवळीला आतून नवं अस्तर लावून ती घट्ट बसवता येते. नवी करावी लागेल असं गृहीत धरून तू विषयच काढत नाहीस.

आता तुमचं नेहमीचं भांडण. बाबा म्हणतात, सरकारीत शिकाऊ पोरं दात उपटून हातात ठेवतात. आई म्हणते, खाजगीत एका दाताला गेलं की चार दात किडलेले निघतात. मला विचाराल तर दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. सरकारी ओपीडीत रांग मोठी आणि खुर्च्या कमी. दात काढणं एका बैठकीत उरकतं, रूट कॅनलला, म्हणजे आतली नस काढून दात वाचवायला, बहुधा एकापेक्षा जास्त फेऱ्या लागतात. मग पारडं काढण्याकडेच झुकतं. खाजगीत जागेचं भाडं, मशीनचे हप्ते, मदतनिसांचे पगार हे सगळं केलेल्या कामातून निघायचं असतं. "थांबून बघू" म्हणण्याचे पैसे कोणी देत नाही. म्हणून तिथे पारडं कॅप आणि इम्प्लांटकडे, म्हणजे हाडात रोवलेल्या कृत्रिम दाताकडे, झुकतं. डॉक्टर दोन्हीकडे सज्जन असले तरी हे होतंच. आपण कुठे बसलोय हे ओळखून प्रश्न विचारायचे, झालं.

बाबा, तुम्हाला इतिहास आवडतो म्हणून थोडं विषयांतर. दात मुळात बाकीच्या शरीरापासून वेगळे पडले कसे? जगातलं पहिलं दंतवैद्यक कॉलेज 1840 मध्ये बाल्टिमोरला निघालं, ते वैद्यकीय कॉलेजपासून स्वतंत्र. पुढे सरकारी योजना आणि विमेही बहुतेक त्याच वाटेने गेले. अमेरिकेत ज्येष्ठांसाठी 1965 मध्ये मेडिकेअर आलं, त्यात दातांचे नेहमीचे उपचार धरलेच नाहीत. ब्रिटनने 1948 मध्ये आरोग्यसेवा मोफत केली तेव्हा दात आणि कवळ्याही मोफत होत्या. लोकांची इतकी झुंबड उडाली की 1951 मध्ये कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क बसवायचं ठरलं, आणि ज्या अन्यूरिन बेव्हन यांनी ती सेवा उभी केली त्यांनी त्यावरून मंत्रिपद सोडलं. कवळीवरून राजीनामा! जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे 3.5 अब्ज लोकांना तोंडाचे विकार आहेत. तेव्हा "माझ्याच दातांची मेली कटकट" असं म्हणणं आता सोडा.

तर माझं म्हणणं असं, की दोघांनी एकाच दारात जायलाच हवं असं नाही. बाबांनी दंत महाविद्यालयात जावं. तिथे फी कमी असते. पोरं शिकाऊ असली तरी प्रत्येक पायरी सरांना किंवा मॅडमना दाखवल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. वेळ जातो, पण निवृत्तीनंतर तुमच्याकडे वेळच तर आहे. सकाळी लवकर केस पेपर काढा, एक्स-रे होऊ द्या आणि स्पष्ट विचारा: ही दाढ वाचते का? वाचत असेल तर रूट कॅनलच करा, "काढून टाका एकदाची" असं स्वतःहून म्हणू नका. मागच्या दाढेला धातूची कॅप पुरते. ती टिकते, स्वस्त पडते आणि तिथे दाताच्या रंगाची हौस कोणाला दिसणार आहे? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे सांगायला विसरू नका, आणि दात काढायचाय म्हणून ती मनानेच बंदही करू नका.

आईचं काम मात्र मी खाजगीत करावं म्हणते. तुझे गुडघे बघता रांगेत उभं राहणं जमणार नाही, आणि अस्तराचं काम फार लांबत नाही. आधी खर्च लिहून मागायचा. इम्प्लांटचा विषय निघालाच तर "विचार करून सांगते" म्हणून उठायचं. हाडं ठिसूळ झाल्याची जी औषधं घेतेस, त्यांची यादी सोबत ने; त्यातल्या काहींमुळे दात काढल्यावर जबड्याची जखम भरायला त्रास होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना आधी कळलेलं बरं.

खर्च मी करणार आहे. बाबा, यावर वाद नको. "या वयात कशाला" हे तुमचं वाक्य मला पटत नाही. हिरड्या सुजलेल्या राहिल्या की साखर आवरणं अवघड जातं आणि साखर वाढली की हिरड्या आणखी बिघडतात. डायबेटिसच्या गोळ्या वेळेवर घेता, मग हे का सोडायचं?

दाढेचा जुना एक्स-रे कपाटात असेल तर उजेडासमोर धरून त्याचा फोटो पाठवा.

तुमची,
लेक

ता. क. आई, कवळी उकळत्या पाण्यात टाकत जाऊ नकोस, आकार बिघडतो. टूथपेस्टनेही घासू नकोस, चरे पडतात. साधा साबण आणि मऊ ब्रश बास. रात्री काढून गार पाण्यात ठेव.