गाबोळी हातावर ठेवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

पालघरकडच्या आमच्या सातपाटीच्या बंदरावर मासळीचा अभ्यास करायला तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मी तुमच्याशी धड बोललोही नव्हतो. त्याआधी बरेच जण वह्या घेऊन आले, मासळी मोजली आणि गेले. त्या आकड्यांचं पुढे काय झालं ते आम्हा कोळ्यांना कुणी सांगितलं नाही. तुम्हीही तशाच, असं मी धरून चाललो. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

तुम्ही आधी बाबांपाशी बसलात. किती वाव खोल पाण्यात पापलेट लागायचं, उधाणाला डोल, म्हणजे आमचं पिशवीसारखं जाळं, कुठे लावायची, भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, पाण्याची ओढ कशी कमी होते, सगळं विचारलंत. पुढच्या खेपेला त्याचा नकाशा घेऊन आलात आणि म्हणालात, "नाखवा (आमच्यात बोटीच्या मालकाला म्हणतात), बरोबर लावलंय का बघा." बाबांनी दोन खुणा सरकवल्या. त्या रात्री जेवतानाही ते त्या नकाशाबद्दलच बोलत होते.

मग तुम्ही बोटीवर आलात. डोलीचा खोला, म्हणजे मासळी साठते ते शेपटाचं टोक, सोडला तर बोंबील आणि करंदीबरोबर (करंदी म्हणजे बारीक कोळंबी) तळहातापेक्षाही लहान पापलेटं पडली. तुम्ही एक मोठी मादी चिरून गाबोळी, म्हणजे तिची अंडी, माझ्या हातावर ठेवलीत. मग एक पिल्लू चिरलंत. आत काहीच नव्हतं. जन्मभर आईच्या हातची तळलेली गाबोळी खाल्ली, पण ती कुठल्या मापाच्या मासळीत नसते ते त्या दिवशी बघितलं.

2023 मध्ये पापलेट राज्यमासा झाला. त्याच वर्षी सरकारने 54 जातींची पकडायची किमान मापं ठरवली: पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180. आमच्या बोटीवर तुम्ही दिलेली मोजपट्टी तोवर झिजत आली होती.

सगळ्यात मोठे उपकार मात्र वेगळेच. डोल मासळी निवडत नाही; पिल्लं सुटावीत म्हणून खोल्याचा आस, म्हणजे जाळ्याचं भोक, मोठा केला तर करंदीही निसटते आणि घरात तेवढे पैसे कमी येतात. हे नुकसान तुम्ही आमच्या हट्टात जमा केलं नाहीत. बैठकीत उभं राहून सांगितलंत, "यांचं म्हणणं खरं आहे, आधी याचा हिशोब करू." आमच्या बाजूने असं बोलणारं शिकलेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

31 जुलैला पावसाळ्यातली मासेमारीबंदी संपते. नारळी पौर्णिमेला घरी या. नकाशातली आणखी एक खूण चुकलीय असं बाबा म्हणतात, आणि ती ते तुम्हालाच दाखवणार आहेत.

तुमचा,
सातपाटीचा एक नाखवा