ताई, त्या दुसऱ्या कागदासाठी

प्रिय ताई,

त्या दिवशी पुण्यात रात्रीचे अकरा वाजले होते, तुमची मात्र जेवणाची सुट्टी चालू होती. ना ओळख ना पाळख, मावशीनं दिलेला नंबर लावला इतकंच. माँट्रियलमधल्या प्रवेशाचं पत्र हातात होतं आणि एजंटनं सांगितलं होतं, "कॅनडाच्या स्टडी परमिटचा अर्ज टाकला की झालं." तुमचा पहिलाच प्रश्न होता, "सीएक्यू आलं का?" मी तो शब्दच ऐकला नव्हता: माँट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्युबेकचं, स्टडी परमिटआधी लागणारं संमतीपत्र.

दुसऱ्या दिवशी कामावर निघण्याआधी तुम्ही व्हिडिओवर बसून माझ्याकडून क्युबेकचा अर्ज भरून घेतलात. बँकेच्या पत्रात माझं मधलं नाव नाही, हेही तुमच्याच नजरेला पडलं. त्या नजरेमुळे माझं वर्ष वाचलं.

पण खरे आभार नंतरच्या एका रविवारचे. तुमच्याकडे पोहे खाताना मी विचारलं, एकाच देशात दोन सरकारांची परवानगी कशाला? तुम्ही गॅस बंद करून समोर बसलात. ओटावा, म्हणजे कॅनडाचं केंद्र सरकार, आणि क्युबेक यांच्यातला स्थलांतराविषयीचा १९९१चा करार सांगितलात, मग थेट १९३७वर गेलात: लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे कॅनडाच्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयानं, ठरवलं की ओटावानं परदेशाशी करार केला तरी प्रांतांच्या अखत्यारीतल्या विषयांवर कायदा प्रांतच करणार. मी आपल्या राज्यघटनेचं कलम २५३ पाठ केलेलं. राज्यसूचीतला विषय असला तरी आंतरराष्ट्रीय करारासाठी संसद कायदा करू शकते, म्हणजे नेमकं उलट! तरीही २०११मध्ये ममता बॅनर्जींनी विरोध केला आणि बांगलादेशाशी तीस्तेच्या पाणीवाटपाचा करार ढाक्यात अडला. कागदावरचा अधिकार आणि प्रत्यक्षातलं वजन यांतला फरक मला त्या टेबलावर पहिल्यांदा कळला.

क्युबेकचे शिक्षणमंत्री पॉल जेरँ-लाजोआ यांनी १२ एप्रिल १९६५ला परदेशी वाणिज्यदूतांसमोर मांडलेली भूमिका तुम्ही एका वाक्यात सांगितलीत: जे घरात आमच्या हाती, त्याची बाहेरची बोलणीही आम्हीच करू. आणि १९६८चं लिब्रव्हिल! आफ्रिकेतल्या गॅबाननं आपल्या या राजधानीतल्या शिक्षण परिषदेचं आमंत्रण परस्पर क्युबेकला धाडलं, म्हणून ओटावानं त्या देशाशी संबंधच स्थगित केले. हे सांगताना तुमचा आवाज चढला होता. मला अजूनही ओटावाचा राग अति वाटतो, तुम्हाला तो रास्त वाटतो. त्या वादातूनच माझ्या प्रबंधाचा विषय निघाला.

प्रबंध परवा जमा केला. एक प्रत टपालानं पाठवतेय. लिब्रव्हिलचं प्रकरण तिसरं आहे, तेवढं आधी वाचा. पटलं नाही तर फोन करा, जेवणाच्या सुट्टीत.

तुमची,
पुण्याची विद्यार्थिनी